नव्वदीच्या पंगतीत धाकटं कोण?

शुक्रवारी सूर्य मावळायला आला की अमेरिकेतल्या अनेक ज्यू वृद्धनिवासांमधली एक लिफ्ट माणसांचं ऐकायचं बंद करते. बटण दाबून काही उपयोग नसतो. ती तळमजल्यावरून निघते, पहिल्यावर थांबते, दार उघडते, जरा वाट पाहते, दार मिटते आणि दुसऱ्यावर जाते. आत कुणी असो वा नसो, वरपर्यंत असंच आणि खाली येतानाही असंच. शनिवारी रात्री तीन तारे दिसण्याइतका अंधार पडला की मग ती पुन्हा आपल्या आज्ञेत येते.

हे सारं शब्बाथसाठी, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसासाठी. त्या दिवशी धर्मशास्त्राने ३९ प्रकारची कामं वर्ज्य केली आहेत आणि विस्तव पेटवणं हे त्यातलं एक. विजेचं बटणही सनातनी ज्यू वर्ज्यच मानतात. आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं, ते याच नियमापायी. घाणा एक दिवस बंद ठेवता येतो, पण नव्वदीतले गुडघे घेऊन सहा मजले चढायचे कसे? म्हणून लिफ्ट आधीच लावून ठेवायची. ती तिच्या चालीने चालते, आपण फक्त आत शिरायचं. एवढ्यावरही शास्त्र्यांचं समाधान होत नाही. लिफ्ट खाली येताना माणसाच्या वजनाने मोटरीला हातभार लागतो, मग ते ‘काम’ झालं का, यावर रब्बींमध्ये खरोखरच वाद झडले आहेत. मला हा वाद फार आवडतो. धर्मशास्त्र आणि यंत्रशास्त्र एकाच टेबलाशी बसून भांडताहेत, असं रोज थोडंच दिसतं!

शब्बाथच्या मेणबत्त्यांचं आणखी वेगळं. त्या सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटं आधी लावायच्या असतात, आणि अनेक घरांत हा मान पिढ्यान्‌पिढ्या बाईचा. पण जिथे खोल्याखोल्यांत ऑक्सिजनची नळी लावलेली माणसं राहतात, तिथे काडी ओढायची सोय नाही. उपाय म्हणजे विजेच्या मेणबत्त्या. इथे बल्बच्या पोटात डोकवावं लागतं. जुन्या पद्धतीच्या बल्बमधली तार तापून लाल-पांढरी होते, आणि तापून लाल झालेला धातू म्हणजे विस्तवच, असं अनेक रब्बी मानतात. म्हणून त्या बल्बवर आशीर्वाद म्हणता येतो. एलईडीत तापलेली तार नाही, तेव्हा तिच्याबद्दल शंका. म्हणजे साऱ्या जगाने मोडीत काढलेला बल्ब एखाद्या आजीच्या खोलीत शुक्रवारी संध्याकाळी मानाने तेवत असतो.

मला खरं कुतूहल होतं ते पेसाहचं, म्हणजे वल्हांडणाचं. मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याची आठवण सांगणारा हा सण. त्या रात्रीच्या ‘सेदेर’ या जेवणात गोष्टीची सुरुवातच मुळी घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराने चार प्रश्न विचारण्याने होते. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असं पोर विचारतं आणि मोठी माणसं गोष्ट सांगू लागतात. मग जिथे पंगतीतलं सगळ्यात धाकटं माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचं आहे, तिथे काय करायचं?

कधी नातवंडं येतात, कधी अठ्ठ्याहत्तरची ती ‘पोरगी’च हौसेने उभी राहते. पण या प्रसंगाचा विचार तालमूद या धर्मशास्त्राच्या ग्रंथाने दीड हजार वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. मुलगा नसेल तर बायकोने विचारावं. तीही नसेल तर माणसाने स्वतःच स्वतःला विचारावं. आणि सणाचे सगळे नियम तोंडपाठ असलेले दोन पंडित समोरासमोर बसले, तरी त्यांनी एकमेकांना विचारावंच. उत्तर माहीत असणं ही सूट मिळवायची सबब नव्हे!

सेदेरच्या पानातली मात्सा म्हणजे पीठ-पाण्याची, आंबू न दिलेली कडक भाकरी. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत ती भाजून निघाली पाहिजे. ती कुरकुरीत इतकी की कवळीची परीक्षाच. पण म्हातारा किंवा आजारी माणूस ती पाण्यात भिजवून खाऊ शकतो, फक्त तिचा लगदा होऊ द्यायचा नाही, असंही शास्त्रातच आहे. वाइनच्या चार प्याल्यांची जागा, गोळ्या चालू असतील तर, द्राक्षाचा रस घेतो. स्वयंपाकघराचे हाल मात्र विचारू नका. आधीच मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी. त्यात या आठवड्यासाठी गहू, जव वगैरे पाच धान्यांचा आंबलेला कण न् कण हुडकून बाहेर काढायचा आणि पेसाहची म्हणून राखून ठेवलेली भांडी खाली उतरवायची. शेकडो माणसांची पंगत असेल तर हे काम एका संध्याकाळीत उरकत नाही.

योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, सुमारे २५ तासांचा कडक उपास तर अशा ठिकाणी डॉक्टर आणि रब्बी मिळूनच ठरवतात. जिवाला धोका असेल तर उपास मोडणं हेच कर्तव्य. धोका मधला असेल तर खजुराएवढ्या मापाहून कमी घास घ्यायचा, काही मिनिटं थांबायचं, पुन्हा घास. आणि सगळ्यांत थोर नियम असा की, रोग्याने ‘मला खायला हवं’ म्हटलं, तर शंभर वैद्यांनी नाही म्हटलं तरी रोग्याचंच ऐकायचं. पथ्याच्या नावाखाली म्हाताऱ्यांना दटावणाऱ्या आपल्या घरांनी हे जरूर वाचावं.

नववर्षाला, रोश हशानाला, मेंढ्याच्या शिंगाचा शोफार शंभर वेळा फुंकतात. ज्यांना खाली येता येत नाही त्यांच्यासाठी फुंकणारा खोलीखोलीत जातो. हनुक्का या दिव्यांच्या सणात तळलेल्या पदार्थांपुढे आहारतज्ज्ञांचं काही चालत नसावं. न्यूयॉर्कमध्ये हडसनच्या काठी, १९१७ साली सुरू झालेल्या रिव्हरडेलच्या हिब्रू होम या वृद्धनिवासात तर ज्यू धर्मवस्तूंचं संग्रहालयच आहे. त्याचा मूळ संग्रह नाझी जर्मनीतून निसटलेल्या एका गृहस्थाने आणि त्याच्या पत्नीने दिला.

पण या निवासांतला मला सगळ्यात आवडलेला सोहळा पंचांगात नाहीच. मुलगा तेरा वर्षांचा झाला की बार मित्झ्वा होतो, त्याची मुंजच म्हणा. मुलींसाठी असं काही जवळजवळ नव्हतंच. न्यूयॉर्कमध्ये १८ मार्च १९२२ रोजी बारा वर्षांच्या ज्युडिथ कॅप्लनचा बात मित्झ्वा झाला, तो अमेरिकेतला पहिला मानला जातो. प्रथा रुजायला पुढे कित्येक दशकं गेली, त्यामुळे आज नव्वदीत असलेल्या अनेक बायकांचा तो राहूनच गेला. त्या आता वर्ग लावून शिकतात. तोराह या धर्मग्रंथाच्या गुंडाळीत हिब्रू अक्षरांना ना स्वरचिन्हं असतात ना चालीच्या खुणा. दोन्ही पाठ करून यावं लागतं, आणि अक्षरांना बोट न लावता चांदीच्या काडीने ओळ धरायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी हे करणं सोपं नाही.

पुरुषही मागे नाहीत. बायबलच्या स्तोत्रांत माणसाचं आयुष्य सत्तर वर्षांचं धरलं आहे. ते संपलं की मोजणी नव्याने सुरू, म्हणजे सत्तर अधिक तेरा, त्र्याऐंशीव्या वर्षी दुसरा बार मित्झ्वा. ज्युडिथबाईंनी एवढीही वाट पाहिली नाही. त्यांनी १९९२ साली, ब्याऐंशीव्या वर्षीच आपला दुसरा सोहळा करून घेतला. वाचन संपलं की उत्सवमूर्तीवर गोळ्या-मिठायांचा वर्षाव करायची पद्धत आहे. मुद्दाम मऊ गोळ्याच निवडतात, कुणाला लागू नये म्हणून. पूर्वी ती खबरदारी तेरा वर्षांच्या पोरासाठी होती.