पिशवी उघडण्याची वेळ

शोभेचे मासे पाळण्याचा छंद आता आपल्या बेळगावसारख्या गावांतही चांगला रुजला आहे. यांतले पुष्कळसे मासे दुरून येतात. चेन्नईतील कोळत्तूर हा भाग शोभिवंत माशांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे. तेथून आपल्याकडे यायचे म्हणजे पिशवीला एक अख्खी रात्र तरी वाटेत काढावी लागते.

मी प्राणिशास्त्र शिकवितो. त्यामुळे विद्यार्थी मला एक प्रश्न वरचेवर विचारतात. “सर, पिशवीत मासे ठणठणीत होते. पिशवी उघडून तीत टाकीतले पाणी थेंबथेंब घातले, तास-दीड तास वाट पाहिली, मगच त्यांना टाकीत सोडले. तरी ते मेले कसे?” या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात आहे.

प्रथम पिशवी कशी भरतात ते पाहू. निघण्यापूर्वी एक-दोन दिवस माशांना खायला देत नाहीत. पोट रिकामे असले म्हणजे प्रवासात विष्ठा पडत नाही आणि पाणी कमी घाण होते. पिशवीत साधारण एक तृतीयांश पाणी आणि उरलेल्या जागेत शुद्ध प्राणवायू भरतात. पाणी थोडे पाहून नवख्याला माशांची कीव येते. पण हवेच्या संपर्कातल्या एक लिटर पाण्यात २५ अंश सेल्सिअसला ८ मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू विरघळलेला असतो, तर एक लिटर शुद्ध प्राणवायूचे वजन १,३०० मिलिग्रॅम भरते. माशांची खरी शिदोरी पाण्यावरच्या या वायूत असते. पिशवी मग थर्मोकोलच्या पेटीत ठेवतात. तेथे उष्णता कमी लागते आणि अंधारात मासे शांत राहतात. गावच्या तळ्यात सोडायचे मत्स्यबीजही असेच प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून नेतात.

आता बंद पिशवीत काय घडते? मासा श्वासावाटे कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया. अमोनिया हे विष आहे. पण कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात विरघळून पाणी आम्लधर्मी होते, म्हणजे त्याचा सामू उतरतो. आणि अशा पाण्यात बहुतेक अमोनियाचे रूपांतर अमोनियम आयनात होते. हा आयन माशाला फारसा बाधत नाही. २५ अंशांना सामू ७ असेल, तर एकूण अमोनियाचा शंभरातला एक भागसुद्धा विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला की तोच वाटा शंभरात पाच भागांवर जातो. म्हणजे एक टाकाऊ पदार्थ दुसऱ्याचे विष दाबून ठेवतो, आणि त्या आधारावर मासा तग धरतो.

पिशवी उघडताच हा आधार सुटतो. कोंडलेला कार्बन डाय-ऑक्साइड हवेत निघून जातो, सामू चढू लागतो आणि रात्रभर साठलेला अमोनिया पुन्हा विषारी होतो. वरून टाकीतले पाणी थेंबथेंब घातले, तर ते बहुधा अधिक सामूचे असल्यामुळे त्या चढण्याला मदतच करते. ज्या तास-दीड तासाला आपण काळजी म्हणतो, तेवढा वेळ मासा त्या विषात असतो.

म्हणून लांबून आलेल्या माशांसाठी क्रम बदलावा. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान सारखे होते. मासे सोडायच्या पाण्याचे क्षार आणि सामू पिशवीतल्या पाण्याच्या शक्य तितके जवळ आधीच आणून ठेवावेत. पिशवी किती क्षारांच्या पाण्याने भरली, हे विक्रेत्याला अगोदरच विचारावे. मग पिशवी उघडून मासे जाळीने लगेच त्या पाण्यात घ्यावेत आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे. गावातल्याच दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पाण्यात अमोनिया साठलेला नसतो; तेथे सावकाश पाणी मिसळणे योग्यच.

प्रवाळाचा प्रवास याहून नाजूक. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. तापमान फार बदलले की तो हे शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया येथून परदेशी जाणारे प्रवाळाचे तुकडे एकेका पिशवीत थर्मोकोलच्या तुकड्याला बांधून पाण्यात उलटे लोंबकळत ठेवतात, म्हणजे त्यांचे मऊ अंग पिशवीला घासत नाही. आपल्याकडे मात्र खडक रचणारी प्रवाळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. आपल्या समुद्रातून ती काढणे वा विकणे हा गुन्हा आहे. कोणी असा तुकडा देऊ केला, तर तो कसा आणावा हा प्रश्नच उरत नाही. तो घेऊ नये.

छंद करणाऱ्याने मासे मागविण्यापूर्वी एवढे करावे : पिशवी कधी भरणार हे विचारून घ्यावे आणि ती दारात येण्याआधी पाणी तयार ठेवावे. वाटेतले हाल मासा बहुधा सोसतो. त्यानंतरची पहिली दहा मिनिटे आपल्या हातात असतात.