बॅसूनच्या पानावरची पेन्सिल

मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलासंस्थेच्या आवारात २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. खुश्रू सनटूक आणि मूळचे कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह हे त्याचे संस्थापक. आमच्या छत्रपती संभाजीनगरहून कुणी तिथे मैफलीला गेले, तर आधी व्हायोलिनवाल्यांची फळी नजरेत भरते. क्लॅरिनेटच्या आसपास तिरकी धरलेली लांब लाकडी नळी मात्र शोधावी लागते. तोच बॅसून. त्याची नळी उलगडली तर अडीच मीटर भरेल, म्हणून ती दुमडलेली असते. फुंक जाते ती दुहेरी रीडमधून. सनईची पत्तीही दुहेरीच, त्यामुळे मांडवातली सनई ऐकत वाढलेल्या कानाला हा आवाज फार परका वाटत नाही.

अवघड आहेत ती बोटे. एकट्या डाव्या अंगठ्याकडे नऊच्या आसपास चाव्या असतात. उजव्या हाताचा खालचा एफ शार्प अंगठ्यानेही निघतो आणि करंगळीनेही. पुढचा स्वर जी शार्प असेल, तर तो करंगळीचा. म्हणून एफ शार्प अंगठ्याने घ्यायचा. पुढे ए शार्प आला, तर तिथे अंगठा लागतो. मग एफ शार्प करंगळीने. आयत्या वेळी हे ठरवायला सवड नसते. म्हणून वादक घरीच निवाडा करून त्या स्वराच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवतो.

मोझार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेराच्या (१७८६) सुरुवातीला तंतुवाद्यांबरोबर बॅसूनही तीच धावती ओळ अगदी हळू आवाजात वाजवतात. बेथोव्हनच्या चौथ्या सिंफनीच्या शेवटच्या भागात तर बॅसूनला एकट्याला काही सेकंदांची अशी जागा आहे, की प्रत्येक स्वर जिभेने सुटा काढावा लागतो. अशा जागेचा रियाज मूळ लयीत करायचाच नाही. मेट्रोनोम निम्म्यावर आणायचा, चार-चार स्वरांचे तुकडे करायचे आणि शेवटच्या तुकड्यापासून मागे मागे यायचे, म्हणजे दम संपत येतो तिथला भाग सर्वांत पक्का होतो. सरळ स्वर झोका देऊन वाजवायचे, मग झोका उलटा करायचा. कधी फुंक न घालता नुसत्या चाव्या चालवायच्या. कुठले बोट उशिरा उठते ते तेव्हा कळते. आपल्याकडे पलटे घोटून घेतात त्यांना ही शिस्त वेगळी सांगायला नको.

संगीत विशारदच्या लेखी पेपरात भातखंडे पद्धतीने दुगुन, तिगुन लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला बॅसूनचे छापील पानही अनोळखी वाटणार नाही. आपण मींडेसाठी स्वरांवर कमान काढतो. तिथेही स्वर जोडून घेण्यासाठी कमानच असते. पण वादकाची समज पेन्सिलीत दिसते, असे मला मनापासून वाटते. स्वल्पविराम म्हणजे श्वास. चष्म्याचे चित्र म्हणजे इथे नजर कंडक्टरकडे. लांब विश्रांतीवर ‘ओबो’ असे लिहिले असेल, तर ओबोची ओळ ऐकली की आपली पाळी जवळ आली. पेन कुणी वापरत नाही. कंडक्टर बदलला की श्वासाची जागा बदलते, आणि भाड्याने आणलेली प्रत परत करण्याआधी खुणा पुसाव्या लागतात.

यातली सर्वांत बोलकी खूण चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीत (१८९३) सापडते. पहिल्या भागात क्लॅरिनेटची ओळ विरत जाते आणि शेवटचे चार स्वर बॅसूनला येतात. त्याखाली छापलेले असतात सहा ‘पी’, म्हणजे जेमतेम ऐकू येईल इतके हळू. बॅसूनच्या खर्जात इतकी दबलेली फुंक टिकवणे फार कठीण, म्हणून पुष्कळ कंडक्टर हे स्वर बास क्लॅरिनेटकडे देतात. मग बॅसूनच्या पानावर त्या चार स्वरांभोवती पेन्सिलीचा कंस पडतो, आणि पुढचा कंडक्टर मूळ लिखाणाचा आग्रह धरणारा निघाला, की तो कंस खोडून वादक पुन्हा रीड तासायला बसतो.