घरचे वाय-फाय: वेग वाढला, भरवसा कशाने आला?

घरगुती बिनतारी राउटर खऱ्या अर्थाने लोकांसमोर आला तो जुलै १९९९ मध्ये. न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी आयबुक हातात घेऊन वेबपाने उघडली आणि कुठेही वायर नाही हे पटावे म्हणून लॅपटॉपभोवती एक मोठे कडे फिरवून दाखवले. त्यासोबतच्या एअरपोर्ट बेस स्टेशनची किंमत होती २९९ डॉलर. त्याचे रेडिओ तंत्र मात्र नवे नव्हते. नेदरलँड्समध्ये एनसीआर कंपनीच्या अभियंत्यांनी दुकानांतली कॅश रजिस्टरे वायरीशिवाय जोडण्यासाठी वेव्हलॅन विकसित केले होते, त्याचाच हा पुढचा अवतार. आणि वेव्हलॅन शक्य झाले ते अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या १९८५ च्या निर्णयामुळे. आयोगाने २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा परवान्याविना संदेशवहनासाठी खुला केला. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतात, त्यामुळे दळणवळणाच्या दृष्टीने तो जवळपास टाकाऊ मानला जाई. पट्टा फुकट मिळाला, म्हणून तो सर्वांचा झाला आणि म्हणूनच गोंगाटाचाही. घरच्या वाय-फायच्या निम्म्या तक्रारी इथूनच निघतात.

८०२.११ हे मानक १९९७ मध्ये ठरले तेव्हा वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ च्या ‘बी’ आवृत्तीने तो ११ वर नेला, २००३ च्या ‘जी’ने ५४ वर. पुढे २००९ मध्ये ‘एन’, २०१३ मध्ये ‘एसी’ आणि २०२१ मध्ये ‘एएक्स’, म्हणजे वाय-फाय ६, अशी मजल गेली. खोक्यावर छापलेला हा आकडा खूप गाजला, पण घरच्या उपयोगाला तो फारच थोडा आला. एका वाहिनीवर एका वेळी साधारणपणे एकच यंत्र बोलू शकते, प्रत्येक संदेशाला पोचपावती द्यावी लागते आणि दूरचे यंत्र संथ गतीने बोलत असेल तर बाकीच्यांना थांबावे लागते. म्हणून ११ मेगाबिटच्या जोडणीतून हाती येत पाच-सहाच. पण लोकांना बोचला तो अपुरा वेग नव्हे. जोडणी मध्येच तुटायची, त्याचा त्रास जास्त होता.

राउटर करतो काय, हेही याच काळात लोकांना हळूहळू कळत गेले. इंटरनेट पुरवणारी कंपनी घराला एकच पत्ता देते. राउटर तो स्वतःकडे ठेवतो आणि घरातल्या प्रत्येक संगणकाला सहसा १९२.१६८ ने सुरू होणारा खाजगी पत्ता वाटतो. आतून निघालेली प्रत्येक मागणी एकाच बाह्य पत्त्यावरून बाहेर जाते, आणि उत्तर आले की कोणी मागितले होते हे राउटर आपल्या तक्त्यात पाहून ते तिकडे वळवतो. पत्त्यांच्या टंचाईवरचा तात्पुरता उपाय म्हणून १९९४ मध्ये मांडलेली ही युक्ती घराघरात कायमची मुक्कामाला आली.

महाराष्ट्रातल्या घरांत हे सारे उशिरा पोचले. ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट वेग ब्रॉडबँड म्हणून मान्य केला आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची डेटावन सेवा सुरू झाली. मुंबईत हेच काम एमटीएनएलकडे होते. त्याच जानेवारीत निघालेल्या अधिसूचनेने भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. ही तारीख क्वचितच कोणाला आठवते, पण घरच्या राउटरच्या दृष्टीने ती ब्रॉडबँडइतकीच मोलाची आहे. राउटर विकणाऱ्यांत डी-लिंकचे नाव तेव्हा सर्वांच्या तोंडी होते, आणि तिच्या भारतीय कंपनीचे ठाणे गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत होते.

त्या काळची जोडणी म्हणजे लहानसे कारागिरीचेच काम. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर स्प्लिटर बसवायचा, त्यातून एक तार फोनला आणि एक मोडेमला. बीएसएनएलची जोडणी असेल तर मोडेमच्या सेटिंगच्या पानावर ०/३५ हे दोन आकडे भरायचे. पुढे निर्णय घ्यायचा की वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड संगणकात ठेवायचा की मोडेममध्ये. संगणकात ठेवला तर तो संगणक चालू असेपर्यंतच इंटरनेट, आणि तेही त्याच्यापुरतेच. मोडेममध्ये ठेवला की घरातली सगळी यंत्रे एकदम जोडली जात. घरात दुसरा संगणक आला की दुसरा मार्ग धरण्यातच शहाणपण होते. यूएसबीऐवजी इथरनेटची तार वापरण्यातही तेच, कारण यूएसबीला ड्रायव्हर लागत आणि विंडोज नव्याने टाकले की ते शोधत बसावे लागे. केबलवाल्याकडून इंटरनेट घेणाऱ्यांची अडचण वेगळी होती. पुणे-मुंबईतले स्थानिक केबलचालक ग्राहकाच्या संगणकाच्या मॅक पत्त्यावरच, म्हणजे त्याच्या जाळ्यावरच्या ओळखक्रमांकावरच, जोडणी बांधून ठेवत. मध्ये राउटर ठेवला की सेवा बंद. राउटरला संगणकाचाच मॅक पत्ता उसना द्यायचा, ही तोड अनेकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून शिकून घेतली. पावसाळ्यात ओल शिरलेल्या तारेवर मोडेम वारंवार सुटे, आणि त्यावर घरातल्या कोणत्याही सेटिंगचा उपाय चालत नसे. फोनवर खरखर ऐकू येते का, ही सर्वांत सोपी तपासणी होती आणि बहुधा अचूकही.

सुरक्षेचा अध्याय सर्वांत क्लेशाचा आहे. सुरुवातीच्या राउटरांत डब्ल्यूईपी नावाचे कुलूप होते. २००१ मध्ये फ्लुहरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी त्याच्या मुळातला दोष दाखवला, आणि पुरेशी वाहतूक ऐकली की त्याची चावी काढता येते हे सिद्ध झाले. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आले. मार्च २००६ पासून वाय-फाय प्रमाणपत्र हवे असलेल्या प्रत्येक नव्या उपकरणाला डब्ल्यूपीए२ अनिवार्य झाले. तरीही घरोघरचे राउटर उघडेच राहिले, कारण खोक्यातून काढले की ते पासवर्डाशिवाय चालत आणि चालणाऱ्या यंत्राला कोणी हात लावत नाही. मर्यादित डेटाच्या योजनांत याचा भुर्दंड बिलात दिसे. खरा धक्का बसला जुलै २००८ मध्ये. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्यातील एका घरच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचे निष्पन्न झाले. वाय-फायला पासवर्ड नसणे ही आता निव्वळ खाजगी बाब राहिली नाही.

उपाय म्हणून जे प्रचारात आले त्यातले बरेचसे निरुपयोगी होते. जाळ्याचे नाव लपवणे किंवा मॅक पत्त्यांची यादी करणे याने जाणकार थांबत नाही, घरच्यांचेच हाल होतात. बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय तर आठ अंकी पिनमुळे उलटी घातक ठरली. ती पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, त्यामुळे जेमतेम ११,००० प्रयत्नांत सापडते, हे २०११ च्या अखेरीस उघड झाले. जुलै २०१७ मध्ये मूळ पासवर्ड न बदललेल्या मोडेमांवर भारतात मोठा हल्ला झाला. अशा एकसारख्या मूळ पासवर्डांऐवजी प्रत्येक राउटरला कारखान्यातच वेगळा पासवर्ड देऊन तो तळाच्या चिठ्ठीवर छापण्याची पद्धत रुळली, आणि सामान्य घरांच्या सुरक्षेला सर्व उपदेशांपेक्षा जास्त उपयोग तिचाच झाला. २०१८ च्या डब्ल्यूपीए३ ने चावीचा अंदाज बांधून पाहण्याचा मार्गही अवघड केला.

जोडणी तुटण्याचे मूळ मात्र बहुतेक वेळा हवेत असे. भारतात २.४ गिगाहर्ट्झमध्ये तेरा वाहिन्या आहेत, पण त्या एकमेकींपासून ५ मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद. म्हणून परस्परांना न अडणाऱ्या वाहिन्या म्हणून सहसा १, ६ आणि ११ या तीनच वापरल्या जातात. गृहसंकुलात वीस-पंचवीस राउटर या तिघींत दाटीने बसतात. कोणी चातुर्याने तिसरी किंवा चौथी वाहिनी निवडली तर तो स्वतःसकट दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना त्रास देतो. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. तिथे जागा भरपूर, पण भिंतीतून जाण्याची ताकद कमी. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने तो बराच मोकळा झाला आणि दुहेरी पट्ट्याचे राउटर सर्रास दिसू लागले.

जागेचा प्रश्न यापेक्षा जुना आणि अधिक दुर्लक्षित. तंत्रज्ञ जिथे तार आणतो तिथेच, म्हणजे दारामागे, टीव्हीखाली किंवा लोखंडी कपाटावर, राउटर कायमचा बसतो. सळयांच्या सिमेंट भिंती, जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी दगडी भिंती, आरसे, पाण्याच्या टाक्या या सर्वांनी लहरी अडतात. घराच्या मध्यावर, छातीएवढ्या उंचीवर, उघड्यावर ठेवलेला साधा राउटर कोपऱ्यातल्या महागड्या राउटरला मागे टाकतो. त्यासाठी दहा-पंधरा मीटर तार जास्त ओढावी लागली तरी तो खर्च वसूल होतो.

आणखी एक दोष बराच काळ कोणाच्या ध्यानात आला नाही. घरात कोणी मोठी फाइल पाठवू लागले की बाकीच्यांचे बोलणे अडखळे, जरी वेग पुरेसा असला तरी. २०१० च्या सुमारास संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी याचे कारण उलगडले: उपकरणांतली स्मृती स्वस्त झाली म्हणून उत्पादकांनी प्रतीक्षारांगा अवाढव्य केल्या होत्या, आणि संदेश त्यांत साचून राहत. रांग छोटी ठेवणारी कोडेलसारखी तंत्रे २०१२ पासून आली. ती सर्वांआधी रुजली ओपनडब्ल्यूआरटीसारख्या मुक्त प्रणालींत. त्या प्रणालीचा जन्मही लक्षणीय आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरात लिनक्स असल्याचे आढळले, परवान्यानुसार २००३ मध्ये कंपनीला त्याची संहिता खुली करावी लागली, आणि त्यातून हौशी मंडळींनी स्वतंत्र प्रणाली उभ्या केल्या. निर्मात्याने सोडून दिलेल्या किती तरी राउटरांना त्यामुळे पुढची अनेक वर्षे मिळाली.

गेल्या दशकात तांब्याची जागा काचतंतूने घेतली आणि पावसाळ्यातली खरखर संपली. २०२० च्या टाळेबंदीत शाळा आणि कचेरी एकाच छपराखाली आली, तेव्हा घरच्या जाळ्याची खरी कसोटी लागली. वीज गेली की राउटर बंद पडतो म्हणून बारा व्होल्टच्या छोट्या यूपीएसचा खप वाढला. मोठ्या घरांसाठी एकापेक्षा जास्त ठाण्यांच्या मेश प्रणाली आल्या. त्यांतली ठाणी हवेतून एकमेकांशी बोलली तर प्रत्येक टप्प्यावर वेग घटतो, तारेने जोडली तर घटत नाही. कंपनीच्या काचतंतू मोडेमला स्वतःचा राउटर जोडताना दोघेही पत्ते वाटू लागतात, आणि व्हिडिओ कॉल किंवा खेळ अडतात. एकाला ब्रिज पद्धतीवर किंवा केवळ वाय-फाय ठाणे म्हणून ठेवले की हा गुंता सुटतो. एका जागी राहणारे संगणक, टीव्ही आणि प्रिंटर तारेने जोडले की हवेतली वाहिनी फोन आणि लॅपटॉपसाठी मोकळी राहते. नवा राउटर घेताना खोक्यावरच्या वेगाआधी निर्माता सुरक्षा-अद्यतने किती वर्षे देणार हे पाहावे लागते, कारण ती थांबली की उत्तम चालणारा राउटरही मुख्य दारावर ठेवण्याजोगा राहत नाही.