साचे हलू द्यायचे नाहीत

मागच्या भागात आपण १९३२ सालच्या वॉशिंग्टनमध्ये होतो. पहिल्या महायुद्धातले माजी सैनिक कबूल केलेला बोनस मागायला राजधानीत तळ ठोकून बसले, आणि जनरल मॅकआर्थरच्या फौजेने त्यांना हुसकून लावलं. उघड्या मैदानावर बसलेल्या माणसांना उठवणं सरकारला जड जात नाही. अश्रुधूर सोडला, घोडदळ आणलं, की मैदान रिकामं. साडेचार वर्षांनी मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात कामगार बसले ते मात्र मालकाच्या यंत्रांमध्ये. फरक तिथेच पडला.

फ्लिंट म्हणजे जनरल मोटर्सचं गाव. ब्यूक, शेवरोले, मोटारींची बॉडी बनवणारे फिशर बॉडीचे कारखाने, सगळं एकाच मालकाचं. गावातलं वर्तमानपत्र, पोलीस, नगरपालिका यांचाही कल कंपनीकडेच. महामंदीतही कंपनी नफ्यात होती, आणि ताशी मजुरीचा दर कागदावर वाईट नव्हता. पण मॉडेल बदलायचं म्हणून दरवर्षी काही महिने काम बंद, आणि परत बोलावणं येईल की नाही हे फोरमनच्या मर्जीवर. चाळिशी ओलांडलेले कामगार केस काळे करून गेटवर उभे राहत. त्याहून मोठं दुखणं होतं लाइनच्या वेगाचं. लाइन कुणालाही न विचारता वाढवली जाई, आणि घरी गेलेल्या माणसाचे हात रात्री थरथरत राहत. फ्लिंटच्या कामगारांच्या आठवणींत पगारापेक्षा ही तक्रार जास्त येते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

युनियन बांधायची तर कुणावर भरवसा ठेवायचा, हाच पहिला प्रश्न होता. अमेरिकी सिनेटच्या ला फॉलेट समितीने पुढे हिशेब काढला, तेव्हा १९३४ च्या सुरुवातीपासून अडीच वर्षांत जनरल मोटर्सने पिंकर्टनसारख्या खासगी हेर कंपन्यांवर जवळजवळ १० लाख डॉलर खर्च केल्याचं उघड झालं. युनियनच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांतसुद्धा खबरे होते. १९३६ च्या जूनमध्ये युनायटेड ऑटो वर्कर्सचा उपाध्यक्ष विंडहॅम मॉर्टिमर फ्लिंटला आला, तेव्हा हॉटेलात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच धमकीचा फोन आला. मॉर्टिमर मूळचा कोळसा खाणीतला माणूस. त्याने जाहीर सभांचा नाद सोडला आणि घरोघरी जायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात, तळघरात पाच-सातजणांच्या बैठका घ्यायच्या आणि नव्या सभासदांची नावं स्थानिक कार्यकारिणीलाही कळू द्यायची नाहीत, अशी त्याची रीत. शरद ऋतूत युनियनच्याच बॉब ट्रॅव्हिसने हे काम हाती घेतलं.

या दोघांनी कंपनीचा नकाशा नीट वाचला होता. जनरल मोटर्सचे कारखाने देशभर पसरलेले. एक बंद पाडला तर काम दुसरीकडे जाणार. पण मोटारीच्या पत्र्याला आकार देणारे प्रचंड साचे, ज्यांना कारखान्यात डाय म्हणतात, ते जागोजागी नव्हते. बहुतेक शेवरोले गाड्यांचे साचे क्लीव्हलंडच्या फिशर बॉडीत, आणि ब्यूक, पॉन्टियाक, ओल्ड्समोबाइल या गाड्यांचे फ्लिंटच्या फिशर बॉडी क्रमांक एकमध्ये. ही दोन ठिकाणं धरली की अख्ख्या कंपनीची मान धरल्यासारखंच. बेत १ जानेवारीनंतरचा होता, कारण त्या दिवशी मिशिगनचा नवा गव्हर्नर फ्रँक मर्फी शपथ घेणार होता, आणि तो कामगारांवर फौज घालणारा गडी नव्हता. पण बेताप्रमाणे घडलं तर ते आंदोलन कसलं! २८ डिसेंबरला क्लीव्हलंडचे कामगार आपणहून बसले. ३० तारखेला खबर आली की फ्लिंटमधले साचे मालगाडीच्या डब्यांत चढवले जाताहेत.

फिशर एकसमोर युनियनचं छोटं ऑफिस होतं. ट्रॅव्हिसने दारावरचा लाल दिवा लावला. जेवणाच्या सुटीत ही खूण पाहून कामगार तिथे जमले, काय चाललंय ते ऐकलं आणि पळतच परत आत गेले. सुटी संपली, पण लाइन सुरूच झाली नाही. गावातला दुसरा, लहान फिशर कारखाना त्याच दिवशी सकाळी बसला होता.

आत बसण्याची ही रीत फ्लिंटची नव्हे. फ्रान्समध्ये त्याच वर्षी तिचा धुमाकूळ झाला होता आणि ओहायोतल्या अॅक्रनच्या टायर कामगारांनीही ती वापरली होती. गेटबाहेर संप केला की मालक दुसरी माणसं आत घालतो, पोलीस गेटवरच्यांची डोकी फोडतात आणि थंडी उरलेलं काम करते. आत बसल्यावर संपफोड्यांना उभं राहायला जागाच नाही. हल्ला करायचा तर मालकाच्याच लाखोंच्या यंत्रांवर करावा लागतो. कायद्याने ही सरळसरळ घुसखोरी होती, यात शंका नको. कामगारांनाही ती कल्पना होती, म्हणूनच त्यांनी यंत्रांना ओरखडाही उमटू न देण्याचा कडक नियम केला.

पहिल्याच रात्री त्यांनी आतल्या बायकांना घरी पाठवलं. शिवणखात्यात शेकड्यांनी बायका होत्या, पण रात्री स्त्री-पुरुष एकत्र कोंडलेले दिसले तर कंपनीची वर्तमानपत्रं बभ्रा करतील ही भीती. मग आत एक छोटं गावच उभं राहिलं. झोपायला मोटारींच्या सीटा आणि गाद्या, रोज ठरल्या वेळी झाडलोट, दारूला सक्त मनाई, नियम मोडणाऱ्यावर लुटुपुटीचं कोर्ट. एक वाद्यवृंदही होता. जेवण बाहेरून येई. समोरच्या एका हॉटेलाच्या स्वयंपाकघरात बायका राबत.

कंपनी कोर्टात गेली. न्यायाधीश एडवर्ड ब्लॅक यांनी झटपट मनाई हुकूम काढला. युनियनच्या वकिलांनी भागधारकांची यादी चाळली, तर न्यायमूर्तींच्याच नावावर जनरल मोटर्सचे ३,३६५ शेअर! हुकूम तिथेच बारगळला.

११ जानेवारीला कंपनीने लहान फिशर कारखान्याची वाफेची गरमी बंद केली आणि जेवण आत जाणारं गेट अडवलं. कडाक्याची थंडी होती. रात्री पोलिसांनी अश्रुधूर सोडला. कामगारांनी आगीच्या नळांनी त्यांना भिजवलं आणि छपरावरून दारांच्या लोखंडी बिजागऱ्यांचा मारा केला. वारा फिरला आणि धूर पोलिसांच्याच तोंडावर गेला. मागे हटताना पोलिसांनी गोळ्या झाडल्या, डझनाहून जास्त कामगार जखमी झाले; मेलं कुणीच नाही, हे नवलच. कर्णे लावलेली युनियनची मोटार तिथे होती. तिच्यावरून तेवीस वर्षांची जेनोरा जॉन्सन बोलायला लागली. पोलिसांना तिने सुनावलंच, पण खरी हाक दिली ती बघ्यांच्या गर्दीतल्या बायकांना. पोलिसांचं कडं तोडून बायका आत शिरल्या, आणि बायकांच्या पाठीत गोळ्या घालण्याची हिंमत कुणाला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मर्फीने नॅशनल गार्ड बोलावलं. त्याआधीच्या प्रत्येक मोठ्या संपाचा अनुभव धरला, तर इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मर्फीने सैनिकांना कारखाने रिकामे करायला लावलं नाही. दोन्ही बाजूंमध्ये उभं केलं. फ्लिंटच्या यशात या एका निर्णयाचा वाटा कामगारांच्या धाडसाइतकाच आहे, असं मला वाटतं. संघटनेच्या इतिहासांत तो थोडक्यात उरकतात.

जानेवारीअखेर बोलणी अडली, तेव्हा ट्रॅव्हिसने खबऱ्यांचाच उपयोग करून घेतला. शेवरोलेचा नऊ नंबरचा कारखाना घेणार, असं खबरे हजर असतील अशा बैठकीत मुद्दाम सांगितलं. १ फेब्रुवारीला कंपनीचे गार्ड तिकडे धावले, आतल्या कामगारांनी तासभर मार खाल्ला, बायकांनी सोट्यांनी खिडक्या फोडून अश्रुधूर बाहेर जाऊ दिला. तेवढ्यात चार नंबरचा कारखाना ताब्यात गेला, जिथे शेवरोलेची सगळी इंजिनं बनत. नऊमध्ये मार खाणाऱ्यांतल्या बहुतेकांना आपण नुसती हूल आहोत हे ठाऊकच नव्हतं. चारच्या गेटवर पोलीस पोचले तेव्हा लाल टोप्या घातलेल्या बायकांची इमर्जन्सी ब्रिगेड वाट अडवून उभी होती, पुढे जेनोरा.

त्या कारखान्यात बसलेल्यांत रॉस्को व्हॅन झँट हा एकच कृष्णवर्णीय होता. एकच का, याचं उत्तर कंपनीच्या भरतीत आहे: फ्लिंटमध्ये काळ्यांना झाडूकाम किंवा ब्यूकच्या ओतशाळेतली भट्टी, लाइनवर जागा नाही. संप मिटल्यावर बाहेर पडताना झेंडा त्याच्या हाती देण्यात आला. भरतीची रीत मात्र संप मिटवणाऱ्या करारानेही बदलली नाही.

तो करार ११ फेब्रुवारीला, ४४ व्या दिवशी झाला. फेब्रुवारीच्या पहिल्या दहा दिवसांत या जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने जेमतेम दीडशे गाड्या काढल्या होत्या. कागद फार मोठा नव्हता: कंपनी युनियनला तिच्या सभासदांची प्रतिनिधी मानेल आणि संप झालेल्या १७ कारखान्यांत सहा महिने दुसऱ्या कुणाशी बोलणी करणार नाही. ताशी पाच सेंटची वाढ कंपनीने जाहीर केली. लाइनच्या वेगाचा प्रश्न पुढच्या बोलण्यांवर ढकलला गेला. तरीही लोकांनी त्याचा अर्थ बरोबर लावला. वर्षभरात युनियनचे सभासद ३० हजारांवरून ५ लाखांच्या घरात गेले. यू. एस. स्टीलने संप न होताच मार्चमध्ये पोलादकामगारांच्या संघटनेशी करार केला. लाल टोप्यांची ब्रिगेड मात्र संपाबरोबरच संपली. बायकांनी आता घरी परतावं, अशीच बहुतेक पुरुषांची अपेक्षा होती.

१९३७ मध्ये देशात असे ४७७ ठिय्या संप झाले. १९३९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने फॅनस्टील खटल्यात निकाल दिला: कारखाना ताब्यात घेणाऱ्यांना मालक कामावरून काढू शकतो. हत्यार कामगारांच्या हातून गेलं.

त्या १९३७ च्या लाटेत डेट्रॉइटच्या वूलवर्थ दुकानातल्या विक्रेत्या मुलीही काउंटरमागे बसल्या होत्या. पुढच्या भागात आपण त्याच वूलवर्थच्या दुसऱ्या दुकानात जाणार आहोत: नॉर्थ कॅरोलायनातलं ग्रीन्सबरो, १ फेब्रुवारी १९६०, आणि काउंटरच्या या बाजूला कॉफी मागणारे चार विद्यार्थी.