पोटरी दुखेपर्यंत चाला

थोडा दौडला की घोडा मागचा पाय ओढू लागे. विसावला की पुन्हा ठणठणीत. फ्रेंच पशुवैद्य बुले यांनी १८३१ मध्ये हे नोंदवलं. कारण होतं मागच्या पायाकडे जाणारी, तुंबलेली धमनी. १८५८ मध्ये फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी हाच प्रकार माणसात दाखवला. पायाच्या धमन्या आतून चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या, की माणूस चार पावलं बरा चालतो, मग पोटरीत गोळा येतो. थांबलं की कळ ओसरते.

अशा माणसाला घरचे मायेनं म्हणणार, ‘बसा हो, पायाला आराम द्या.’ पण त्यावरचा मोठा उपचार म्हणजे चालणंच, आणि तेही पोटरी चांगली दुखेपर्यंत! दुखलं की थांबायचं, कळ गेली की पुन्हा निघायचं. आठवड्यातून तीनदा, अर्धा-पाऊण तास, किमान तीन महिने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. (बसल्या जागी किंवा रात्री पाय दुखत असेल, जखम भरत नसेल, बोट काळं पडत असेल, तर मात्र व्यायामाची वाट न पाहता तातडीनं डॉक्टरांकडे जायचं.) २०२१ च्या एका अमेरिकी चाचणीत दुखू न देता रमतगमत चालणाऱ्यांची वर्षभरात प्रगती झाली नाही, कळ सोसून जोरात चालणाऱ्यांची झाली. त्याआधी, २०१२ मध्ये, ओटीपोटातल्या धमन्या अडलेल्या रुग्णांवरच्या उपचारांची तुलना झाली होती. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवरची वेळ सर्वांत वाढली ती देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांची, धमनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, बसवलेल्यांपेक्षाही जास्त. रोजचं जगणं सुसह्य झाल्याची भावना मात्र स्टेंटवाल्यांत अधिक होती.

मी थक्क होते ती पुढच्या गोष्टीनं. एवढं चालूनही तुंबलेली धमनी बहुधा तशीच राहते. घोट्याजवळ मोजलेला रक्तदाबही फारसा हलत नाही. बदलतो तो स्नायू. त्याच्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया मिळेल तेवढा प्राणवायू अधिक कसोशीनं वापरू लागतात. रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त सोडतं, त्यानं वाहिन्या सैलावतात. चालही काटकसरी होते, तेवढ्याच रक्तात जास्त अंतर कापते.

आणि पाय न हलवता, नुसत्या हातांनी पेडल फिरवणाऱ्या रुग्णांचंही चालणं सुधारलेलं दिसलं आहे! पोटरीला तिथे काहीच मेहनत नसते. व्यायामाचा परिणाम हृदयावर आणि साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांवर होत असावा, असं संशोधक मानतात.