फवारणीचा निर्णय आणि बाजारभावांची नोंद

कीड व्यवस्थापनातील ‘आर्थिक नुकसान पातळी’ ही संकल्पना स्टर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 मध्ये मांडली. शेतात कीड दिसली एवढ्यावरून फवारणी समर्थनीय ठरत नाही. फवारणीने वाचणाऱ्या उत्पादनाची किंमत तिच्या खर्चापेक्षा अधिक असावी लागते. या हिशेबात उपायाचा खर्च, किडीमुळे होणारी घट आणि उपायाची परिणामकारकता यांच्याइतकेच महत्त्व बाजारभावाला आहे. क्षेत्रीय कामात मात्र कामगंध सापळ्यातील पतंग मोजून नोंदविले जातात आणि भाव बहुधा अंदाजाने धरला जातो.

उदाहरणादाखल एका फवारणीचा एकरी खर्च 1,400 रुपये मानू. कापसाचा भाव क्विंटलला 7,000 रुपये असेल, तर खर्च भरून निघण्यासाठी किमान 20 किलो कापूस वाचला पाहिजे. भाव 5,600 रुपयांवर आला, तर हीच मर्यादा 25 किलो होते. शिवाय येथे लागणारा भाव फवारणीच्या दिवसाचा नसून विक्रीच्या वेळी अपेक्षित असलेला असतो. तो अजमावण्यासाठी त्याच बाजारातील मागील काही हंगामांचे भाव हाताशी हवेत.

भाव कोठून मिळतात?

केंद्राच्या विपणन व निरीक्षण संचालनालयाचे ‘अॅगमार्कनेट’ हे संकेतस्थळ बाजारनिहाय आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव उपलब्ध करून देते. दैनंदिन भावांचा संच भारत सरकारच्या खुल्या डेटा मंचावरही एपीआयद्वारे मिळतो. त्यात राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, प्रत, दिनांक आणि भाव असे रकाने असतात. 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेल्या ‘ई-नाम’मुळे इलेक्ट्रॉनिक लिलावांचे भावही पाहता येतात. परंतु खुल्या मंचावरील दैनंदिन संच चालू दिवसाचा असल्याने तो रोज उतरवून घेतला, तरच सलग मालिका तयार होते. हे काम एखादी छोटी स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी आपोआप करू शकते.

प्रत करताना पाळावयाची पथ्ये

मंचावरून आलेला मजकूर प्रथम जसाच्या तसा जपावा आणि त्यानंतर तो तक्त्यांत भरावा. पुढे काही चूक आढळल्यास मूळ नोंदीकडे परतता येते. रिलेशनल डेटाबेसमध्ये बाजार, शेतमाल आणि भाव यांचे तक्ते वेगळे ठेवावेत. बाजार, शेतमाल, वाण, प्रत व दिनांक यांचा संयोग ही प्रत्येक भाव-नोंदीची एकमेव ओळख मानावी. काही बाजारांची माहिती उशिरा येते, म्हणून स्क्रिप्ट दिवसातून एकाहून अधिक वेळा चालवावी. ओळख ठरलेली असल्यास तीच नोंद पुन्हा आली तरी ती दुबार न होता अद्ययावत होते.

दिनांकाचा क्रम निश्चित करावा. अन्यथा 3 जुलैची नोंद 7 मार्चला जाऊन बसते. लिलाव न झालेल्या दिवशी भावाचा रकाना रिकामा ठेवावा. तेथे शून्य भरल्यास सरासरी विनाकारण खाली येते.

तिरुप्पनंदाळचा धडा

केवळ नावावरून बाजार ओळखणे किती धोक्याचे असते, हे तमिळनाडूत कुंभकोणमजवळ असलेल्या तिरुप्पनंदाळ या गावाच्या नावावरून समजते. रोमन लिपीत हे नाव कोणी ‘टी’ने सुरू करतो, कोणी ‘टीएच’ने, कोणी ‘पी’ एकदा लिहितो, कोणी दोनदा. संगणकाला ही चार वेगळी गावे वाटतात आणि एकाच ठिकाणची मालिका चार तुकड्यांत विखुरते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक बाजाराला कायमचा क्रमांक द्यावा आणि नावाची सर्व रूपे त्या क्रमांकाशी जोडलेल्या स्वतंत्र तक्त्यात ठेवावीत. महाराष्ट्रातील बाजारांनाही हाच नियम लागू पडतो.

हा भाग आणखी एका कारणाने लक्षात घेण्याजोगा आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भातकापणीनंतर, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, भातपड जमिनीवर कापूस पेरतात आणि त्याची वेचणी जून-जुलैच्या सुमारास येते. विदर्भ-मराठवाड्यात तेव्हा नवी लागवड चालू असते. म्हणून दोन्हीकडच्या भावांची एकत्र सरासरी विदर्भातील शेतकऱ्याच्या निर्णयाला उपयोगी पडत नाही. भाव बाजारनिहाय आणि आठवडानिहाय पाहिले पाहिजेत.

सर्वेक्षणाशी सांगड

महाराष्ट्रात 2009-10 पासून ‘क्रॉपसॅप’ प्रकल्पांतर्गत कीड-रोगांचे नियमित सर्वेक्षण होते. अशा निरीक्षणांचा तक्ता आणि भावांचा तक्ता तालुका व आठवडा यांच्या आधारे जोडता येतो. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रति सापळा प्रति रात्र 8 पतंग, अथवा 10 टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले किंवा बोंडे, ही शिफारस केलेली पातळी निर्णयाचा पाया आहेच. तिच्याजवळ पोहोचलेल्या शेतात किती कापूस वाचल्यास फवारणी परवडेल, हे जोडतक्ता दाखवितो. फवारणी न करण्याचा सल्ला द्यावयाचा असेल, तर असा आकडा शेतकऱ्याला अधिक पटतो.

आरंभ एक पीक आणि जवळचे तीन बाजार एवढ्यावर करावा. आठवड्यातून एकदा तक्त्यातील काही भाव बाजार समितीच्या फलकाशी ताडून पाहावेत. ज्या भावावर शेतकऱ्याचा खर्च ठरणार आहे, त्याची एवढी पडताळणी आवश्यकच आहे.