आपल्याच किरणांचा मारा सोसणारे स्फटिक

राजूरजवळच्या कळसूबाईचं नाव भूवैज्ञानिकांनी दख्खनच्या बेसॉल्टमधल्या सर्वांत जुन्या थरसमूहाला दिलं आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या या लाव्हाचा कालक्रम ठरवायला पश्चिम घाटात दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातकट पट्ट्यांतून झिरकॉनचे बारीक कण वेचले गेले. झिरकॉनमधल्या युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, आणि त्या प्रमाणावरून वय निघतं. पण या बदलात युरेनियममधून अल्फा कण सुटतो तेव्हा मागे राहिलेलं जड अणुकेंद्र उलट दिशेला फेकलं जातं आणि दहा-वीस नॅनोमीटरांच्या वाटेत हजाराहून अधिक अणू जागचे हलवतं. अशी मोडतोड साठलेल्या भागातून शिसं निसटतं आणि खडक खऱ्यापेक्षा तरुण भासतो. म्हणून कण आधी सुमारे 900 अंश सेल्सिअसला तापवतात, मग बिघडलेला भाग हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवून टाकतात आणि उरलेल्या शाबूत भागाचंच मोजमाप करतात.

यावरून किरणोत्सारी पदार्थ आतून मोडणारच, असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. प्लुटोनियम ऑक्साइडमध्ये हा मारा कितीतरी पटींनी तीव्र असतो. तरी त्याची स्फटिकजाळी लांबीत जेमतेम 0.3 टक्के फुगते आणि तिथेच थांबते; स्फटिक स्फटिकच राहतो. उलट, पुरेसा मारा साठलेला झिरकॉन काचेसारखा अस्ताव्यस्त होतो आणि त्याचं आकारमान सुमारे 18 टक्क्यांनी वाढतं. माझ्या मते, निर्णायक आहे ती रचना. युरेनियम आणि प्लुटोनियम ऑक्साइडची जाळी साधी, आयनांची. उडालेल्या अणूला जवळच रिकामी जागा सापडते. झिरकॉनमध्ये सिलिकॉन-ऑक्सिजनचे गट एकदा सुटले की आपसांतच जुळतात, आणि मूळ मांडणी परतत नाही.

हा फरक तपासायला प्रयोगशाळेत झिरकॉनमध्ये अल्पायुषी प्लुटोनियम-238 घालून हजारो वर्षांचा मारा थोडक्या वर्षांत दिला जातो. मग तो निसर्गाशी कसा जुळेल? आक्षेप रास्त आहे, कारण सावकाश माऱ्यात जखमा भरायला वेळ मिळतो. म्हणूनच कोट्यवधी वर्षांच्या नैसर्गिक झिरकॉनशी ताळा घ्यावाच लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अल्फा कणांचं हेलियम होतं, आणि जाळी टिकली तरी साठणारा वायू ऑक्साइडच्या गोळीला तडे पाडू शकतो. तारापूरला ज्या प्रकारचं युरेनियम-प्लुटोनियम मिश्र ऑक्साइड इंधन बनलं, ते किंवा तशाच रूपातलं प्लुटोनियम दीर्घकाळ साठवायचं असेल, तर जाळीच्या टिकाऊपणाइतकाच या हेलियमचाही हिशेब आधी मांडायला हवा.